पारोलाचं रणगाडा म्युझियम: फिनलंडच्या सैन्याचा जुना बाजार

बाबांना म्हटलं रविवारी पारोलाला जाऊ, तर ते म्हणाले जळगावचं पारोळा का, तिथला किल्ला बघितलाय मी. म्हटलं नाही हो, हे पारोला फिनलंडमधलं, हेलसिंकीपासून शंभरेक किलोमीटर, तिथे रणगाड्यांचं म्युझियम आहे. एवढं ऐकल्यावर सकाळी सहाला अंघोळ करून बूट घालून सोफ्यावर बसलेले. बाबा खडकीच्या आर्मी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे हेलसिंकीशेजारच्या एस्पोला आलेत, आणि तोपर्यंत चर्च, समुद्र, बाजार वगैरे बघून "छान आहे" एवढंच म्हणत होते.

आधी जायचं कसं ते सांगतो कारण तिथेच मी माती खाल्ली. हेलसिंकीहून तांपेरेच्या दिशेने जाणाऱ्या सगळ्या गाड्या पारोलाला थांबत नाहीत, फास्ट गाड्या हामेनलिना घेतात आणि पुढे सुसाट. मी घाईत फास्टचं तिकीट काढलं, मग हामेनलिनाला उतरून लोकलची वाट बघत बसलो, चूक सर्वस्वी माझी. तुम्ही थेट लोकल बघा, थोडा वेळ जास्त लागतो पण डोक्याला ताप नाही. पारोला स्टेशनवरून आम्ही चालत गेलो, बाबांच्या गुडघ्याच्या स्पीडने अर्धा तास धरा. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. म्युझियमचं नाव पान्सारिमुसेओ (Panssarimuseo), मॅपवर तेच टाका. उन्हाळ्यात वेळ मोठी असते, हिवाळ्यात कमी, त्यामुळे वेबसाइट बघूनच निघा. आणि शेजारीच त्यांच्या आर्मर्ड ब्रिगेडची छावणी आहे, रस्त्यात पिवळ्या पाट्या दिसल्या की कॅमेरा खिशात.

आता म्युझियम. लहानपणी नगरचं रणगाड्यांचं म्युझियम बघितलेलं असल्यामुळे माझ्या डोक्यात तेच चित्र होतं, रांगेत उभे केलेले रणगाडे, पकडून आणलेला पॅटन, आपला विजयंता. इथे पण बाहेर टेकडीच्या उतारावर रांगा आहेत, शेड आहेत, तोफा आहेत. पण अर्ध्या तासात बाबांनी जे वाक्य टाकलं ते दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही, म्हणाले, "अरे हा तर जुना बाजार आहे, ह्यांचं स्वतःचं काय आहे ह्याच्यात?"

खरंच आहे. फिनलंड म्हणजे आज जेमतेम 56 लाखांचा देश, दुसऱ्या महायुद्धात त्याहून कमी. 1919 साली फ्रान्सकडून 32 रेनो एफटी रणगाडे घेतले, ते 1939 पर्यंत इतके म्हातारे झाले की काही जमिनीत पुरून बंकरसारखे वापरले. मग 1936 ला ब्रिटनकडे विकर्स कंपनीच्या सहा-टनी रणगाड्याची ऑर्डर दिली, 32 नग, आणि पैसे वाचवायला ते तोफ, दुर्बिणी आणि रेडिओ न घेता मागवले! म्हणजे नुसता सांगाडा, बाकी नंतर बसवू. ते नंतर काही लवकर आलंच नाही आणि 30 नोव्हेंबर 1939 ला रशिया चालून आला. 105 दिवसांच्या त्या हिवाळी युद्धात विकर्स एकदाच जरा बऱ्या संख्येने लढाईत उतरले, फेब्रुवारी 1940 मध्ये होंकानिएमीला, आणि मार खाल्ला.

इथली गंमत बघा. रशियाचा टी-26 म्हणजे त्याच विकर्सची लायसन्स घेऊन केलेली आवृत्ती, त्यामुळे दोन्ही बाजूंचे रणगाडे सख्खे भाऊ, बर्फात लांबून ओळखू येईनात म्हणून फिन लोकांनी टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या डोक्यावर, पांढरे-निळे पट्टे रंगवले. युद्ध संपल्यावर ह्यांनी काय केलं तर रशियनांकडून हाती लागलेल्या 45 मिलिमीटरच्या तोफा काढून आपल्या विकर्सवर चढवल्या आणि त्याला टी-26ई नाव दिलं. इंग्लंडची बॉडी, रशियाची तोफ, फिनलंडचा ड्रायव्हर.

विकर्सपाशी बाबा थांबले ते थांबलेच. आमचा विजयंता पण विकर्सचाच, चेन्नईजवळ आवडीला बनायचा पण डिझाइन विकर्सचं, आणि बाबांनी त्याची इंजिनं कितीदा उतरवली असतील त्याचा हिशेब नाही. दोघांत तीस वर्षांचं अंतर, साइज कुठल्या कुठे, तरी बाबा वाकून रिव्हेटच्या डोक्यांची ओळ बघत होते, चेनच्या एका कडीकडे बोट दाखवून म्हणाले ही पिन बघ, ही झिजली की सगळी चेन सैल पडते, मग उन्हात चारजण लागायचे ती ओढायला. मी फोटो काढायला मोबाइल काढला तर म्हणाले माझा नको, पिनचा काढ. (काढला. धूसर आलाय.)

नंतर बघायचाच असा नग म्हणजे बीटी-42. हा जगात एकच उरलाय आणि तो इथे आहे. रशियाचे पकडलेले बीटी-7 होते, त्यांची टरेट मोठी करून त्यात ब्रिटनने हिवाळी युद्धात दिलेली 114 मिलिमीटरची जुनी हॉवित्झर कोंबली, अशा 18 गाड्या बनवल्या. दिसायला खालून सायकल वरून कपाट. बाबांनी एक नजर टाकली आणि म्हणाले वजन वर गेलंय, क्लच टिकणार नाही. जून 1944 मध्ये विपुरीला ह्यातल्या एका गाडीने रशियन टी-34 वर अठरा गोळे मारले आणि टी-34 ला काही झालं नाही असं सांगतात. जुगाडाची पण एक लिमिट असते.

जुगाड जमला तो स्टुर्मीचा. हे जर्मन स्टुग, टरेट नसलेली बुटकी तोफगाडी, 1943-44 मध्ये एकूण 59 विकत घेतल्या. फिन लोकांनी पुढे काँक्रीट थापलं आणि दोन्ही बाजूंना झाडाचे ओंडके बांधले, खरोखरचे ओंडके, म्युझियममधल्या गाडीवर पण आहेत. पहिल्या खेपेच्या 30 गाड्यांनी 1944 च्या उन्हाळ्यात निदान 87 रशियन रणगाडे उडवले आणि स्वतःच्या 8 गेल्या. इथे तब्येतीत वेळ काढा, चारी बाजूंनी फिरून बघा.

टोपणनावं मला फार आवडली. टी-34 ला सोत्का म्हणतात, ती एक बदकाची जात. टी-28 ला पोस्तीवाउनु, म्हणजे टपालगाडी, कारण आहेच तो डब्यासारखा, तीन टरेटवाला. केव्ही-1 चं नाव क्लिमी, कारण केव्ही म्हणजे क्लिम वोरोशिलोव. शत्रूचा रणगाडा पकडून आणायचा, त्याला घरातलं नाव ठेवायचं आणि उद्यापासून त्याच्याच मालकावर सोडायचा.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे दचकायला नको. जवळजवळ सगळ्या जुन्या रणगाड्यांवर स्वस्तिक आहे. बाबांना त्यात काही विशेष वाटलं नाही, "शुभ असतं, आपण पण नवीन गाडीवर काढतोच की", आणि शेजारचं जर्मन कुटुंब गप्प उभं. तर त्याची कथा अशी की 1918 मध्ये एका स्वीडिश सरदाराने फिनलंडला विमान भेट दिलं, त्यावर त्याचं शुभचिन्ह म्हणून निळं स्वस्तिक होतं, ते हवाई दलाने घेतलं, रणगाड्यांवर आखूड हातांचं आलं. नाझी पक्षाने ते घ्यायच्या आधीची ही गोष्ट. पण 1941 पासून हे लोक जर्मनीच्या बाजूने रशियाशी लढले हे पण खरं, ते झाकून उपयोग नाही. 1945 नंतर ते चिन्ह पुसून निळा-पांढरा गोल आला.

रणगाडाविरोधी शस्त्रांचा एक वेगळा हॉल आहे, तो लोक पटकन उरकतात, तुम्ही उरकू नका. तिथे लाहती एल-39 बघा, 20 मिलिमीटरची रायफल, वजन पन्नास किलोच्या आसपास, खाली स्कीसारख्या फळ्या, म्हणजे बर्फावरून ओढत न्यायची. सैनिक तिला हत्तीची बंदूक म्हणायचे. टी-34 आल्यावर ती रणगाड्याविरुद्ध निकामी झाली, मग बंकरच्या भोकांवर वापरली. आयमो लाहती हा तिचा डिझायनर, सुओमी सबमशीनगन पण त्याचीच. आणि बाटल्या! मोलोतोव कॉकटेल, म्हणजे पेटवून फेकायची बाटली, हे नाव ह्याच युद्धातलं. रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोतोव म्हणाले आम्ही बॉम्ब नाही, अन्न टाकतोय, तर फिन लोक म्हणाले अन्न तुमचं, मग पेय आमच्याकडून. त्या बाटल्या सरकारी दारू कंपनी आल्कोच्या राजामाकीच्या कारखान्यात भरायचे, बाजूला न विझणाऱ्या काड्या बांधून. आज वाईन घ्यायला गेलात तर त्याच आल्कोच्या दुकानात जावं लागतं, आणि रविवारी ते बंद असतं, हा पण प्रॅक्टिकल सल्लाच समजा.

युद्धानंतरचा भाग मी जरा पळत बघितला कारण पाऊस आला. पण मुद्दा तोच पुढे चालू. रशियाला चिडवायचं नाही आणि रशियाच्या खिशातही जायचं नाही, म्हणून 1960 च्या आगेमागे ब्रिटनकडून कॉमेट आणि चॅरियटियर रणगाडे घेतले, रशियाकडून टी-54, टी-55, पीटी-76. पीटी-76 समोर आला तेव्हा बाबा म्हणाले हा आपल्याकडे होता, 71 च्या युद्धात गरीबपूरला हाच. दोन टोकांच्या दोन देशांनी एकाच दुकानातून घेतलेला माल. आजही तसंच, लेपर्ड रणगाडे घेतले ते जर्मनीने आणि नेदरलँडने वापरलेले, सेकंडहँडच, आणि के9 तोफ कोरियाची, जी आपल्याकडे वज्र नावाने हाजिऱ्यात बनते. स्वतःचं म्हणावं असं आहे ते चाकांच्या चिलखती गाड्यांचं काम, पासी आणि पात्रिया एएमव्ही, आणि ती एएमव्ही इथून हाकेच्या अंतरावर हामेनलिनाला बनते.

चिलखती ट्रेन वेगळ्या शेडमध्ये आहे, विसरून निघू नका, आम्ही विसरलो होतो आणि गेटवरून परत आलो. जाड पोलाद, छपरावर विमानविरोधी बोफोर्स. बाबांनी डब्याला हात लावला नाही कारण पाटी होती, पण वेल्डिंगच्या शिवणीवरून हवेतच बोट फिरवत शेवटपर्यंत गेले.

बाकी सटरफटर: तीन तास लागतात, आवड असेल तर चार. निम्मं म्युझियम उघड्यावर आहे म्हणून जुलैतही जॅकेट आणि रेनकोट न्या, डासांचं मलम न्या. पायाखाली चढउतार आणि खडी, चप्पल नको. कॅफेत कॉफी चांगली, पण शाकाहारी माणसाने डबाच बांधावा, आम्ही मेथीचे पराठे टी-55 च्या बाजूच्या बाकावर खाल्ले. पाट्या फिनिशसोबत इंग्लिशमध्ये पण आहेत, कुठे अडलं तर मोबाइलचं भाषांतर चालतं. वेळ उरला तर येताना हामेनलिनाला उतरा, किल्ल्याला लागूनच तोफखान्याचं म्युझियम आहे, मुसेओ मिलितारिआ. आमचा वेळ उरला नाही.

परतीच्या लोकलमध्ये बाबांनी बीटी-42 चा फोटो त्यांच्या वर्कशॉपच्या रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर टाकला. हामेनलिना यायच्या आत अकरा उत्तरं, आणि त्यातल्या नऊ जणांनी क्लचबद्दलच विचारलं होतं.