बेडूक आजारी वाटला, तर आधी कातडी पाहावी

माझ्याकडे दक्षिण अमेरिकेतला शिंगी बेडूक आहे. दुकानदार त्याला ‘पॅकमन’ म्हणतात. (आपल्या शेतात पावसाळ्यात दिसणारा मोठा पिवळा-हिरवा बेडूक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे तो पकडून आणून पाळण्याचा प्रश्नच येत नाही.) हा प्राणी दिवसचे दिवस कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) स्वतःला अर्धे गाडून बसतो, म्हणून ‘सुस्त दिसतो’ या लक्षणाचा इथे काही उपयोग नाही. उलट एरवी गाडून बसणारा बेडूक वरवर भटकू लागला, पाण्याच्या भांड्यातून हलेनासा झाला किंवा उताणा केल्यावर चटकन पालथा होईना, तर त्याचे काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो ते शोषून घेतो, शिवाय श्वासाचाही काही भाग कातडीच सांभाळते. त्यामुळे पेटीतल्या पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या रक्तात उतरते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन, किंवा वेळेवर न काढलेल्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया, यांनीसुद्धा पोट लालसर होते. परंतु मांड्यांच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताळ ठिपके दिसू लागले आणि खाणेही सुटले, तर बहुधा एरोमोनाससारख्या जिवाणूंचा संसर्ग रक्तात पोहोचलेला असतो. अशा वेळी घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

कात वारंवार आणि तुकड्यातुकड्यांनी निघणे हे कायट्रिड बुरशीचे लक्षण असू शकते. १९९८ मध्ये प्रथम उजेडात आलेली ही बुरशी कातडीतच वाढते, पण तिच्यामुळे रक्तातले सोडियम-पोटॅशियम घटते आणि शेवटी हृदय बंद पडते. इट्राकोनाझोल या बुरशीनाशक औषधाच्या अतिशय पातळ द्रावणात रोज ५ मिनिटे, सलग ११ दिवस बुडवून ठेवणे हा त्यावरचा रूढ उपचार आहे. मात्र द्रावणाचे प्रमाण पशुवैद्यांनीच ठरवावे. नुसत्या रातकिड्यांवर वाढवलेल्या बेडकाचा जबडा मऊ पडतो, कारण त्या किड्यांत कॅल्शियम फार कमी असते. खाद्यावर कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्वाची पूड भुरभुरली की हा त्रास टळतो.

आजारी बेडकाला मी कोकोपीटमधून काढून ओल्या टिश्यू पेपरवर ठेवतो आणि कागद रोज बदलतो, म्हणजे विष्ठा, रक्त, निघालेली कात, सगळे पांढऱ्यावर स्पष्ट दिसते. पाणी अँटी-क्लोरीन घातलेलेच वापरतो. हिवाळ्यात रात्री सांगलीत बऱ्यापैकी गारठा पडतो आणि त्यात पोटातले अन्न पचण्याऐवजी कुजते, म्हणून पेटी २५ अंशांच्या आसपास राहील एवढी ऊब देतो.

हळदीच्या पेठेच्या गावात राहत असल्याने कुठल्याही जखमेवर हळद लावण्याचा सल्ला मला हमखास मिळतो. ओल्या कातडीवर पूड चिकटून बसते आणि कातडीचा श्वासच अडवते, तेव्हा हा सल्ला नम्रपणे बाजूला ठेवावा. घरातली मलमे त्याहून घातक ठरतात. त्यांत बेंझोकेनसारखे बधिर करणारे औषध असेल, तर ते कातडीतून आत जाऊन बेडूक कायमचा झोपू शकतो.

आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत आणि कुत्र्यांत जातो, त्यामुळे बेडूक पाहून ते बिचकले तर त्यात नवल नाही. आपण सोनाराकडे असतो तसल्या ग्रॅमच्या काट्यावर केलेले वजन, कातडीचे फोटो आणि पेटीतल्या तापमानाची नोंद सोबत नेली, तर औषधाचा डोस ठरवणे त्यांना सोपे जाते, कारण इथे चूक थेंबाची असते. त्यांनी पुढे पाठवलेच, तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पेटीतले वापरलेले पाणी मी ब्लीचिंग पावडर घालून ठेवतो आणि मगच संडासात ओततो. उत्तर सह्याद्रीतल्या बॉम्बे नाइट फ्रॉगसारख्या बेडकांमध्ये कायट्रिडचा आशियाई वाण आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. परदेशी बेडकाच्या पेटीतून त्याचा आणखी एखादा वाण ओढ्यात जाऊ नये, एवढी काळजी पाळणाऱ्याने घ्यायलाच हवी.