मुदत 6 फेब्रुवारी

कंपोझिट भागांची तपासणी हे माझं काम, म्हणून नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाच्या अपघाताचा चौकशी अहवाल मी अधूनमधून काढतो. दरवेळी एकाच तारखेपाशी अडकतो.

ऑक्टोबर 2002. अटलांटिस या दुसऱ्या यानाच्या उड्डाणात इंधनटाकीच्या डाव्या बायपॉड रॅम्पचा, म्हणजे उष्णतारोधक फोमच्या उताराचा, तुकडा सुटला आणि बूस्टर रॉकेटच्या कड्याला पोचा पाडून गेला. यानाचं नाक टाकीला जिथे जोडतात, तिथल्या फिटिंगवर हा फोम हाताने फवारायचे आणि मग तासून आकार द्यायचे. हातफवाऱ्यात आत पोकळ्या राहतात. त्या न तोडता शोधायची खात्रीची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणजे तपासलेला रॅम्प उडत नव्हता आणि उडणारा आतून कुणी पाहिलेला नव्हता.

या घटनेची नोंद 'उड्डाणातील बिघाड' अशी केली असती, तर तिचा निकाल लावल्याशिवाय पुढचं उड्डाण अडलं असतं. तशी केली नाही. टाकी विभागाला फक्त कारण शोधायला सांगितलं. मुदत आधी डिसेंबरची होती, ती वाढवून 6 फेब्रुवारी 2003 केली. मधल्या काळात दोन यानं उडाली, त्यातलं दुसरं कोलंबिया.

घाई कसली होती? अंतराळ स्थानकाचा खर्च अब्जावधी डॉलरने फुगला होता आणि वॉशिंग्टनने नासाला जवळजवळ प्रोबेशनवर ठेवलं होतं. प्रशासक शॉन ओकीफ व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातूनच आलेले. स्थानकाला नोड 2 हा भाग जोडायची तारीख ठरली 19 फेब्रुवारी 2004, आणि तिची उलटी मोजणी करणारा स्क्रीनसेव्हर व्यवस्थापकांना वाटला गेला! सुरक्षितता सोडा, असा हुकूम कुणी काढत नाही. दबाव येतो तो नोंदीच्या रकान्यातून.

16 जानेवारी 2003. उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी त्याच जागचा, पाऊण किलोच्या आसपासचा तुकडा ताशी 800 किमीच्या सापेक्ष वेगाने कोलंबियाच्या डाव्या पंखावर आदळला. आत कल्पना चावलासह सात जण. नुकसान अजमावायला 'क्रेटर' नावाचं मॉडेल वापरलं. ते ज्या चाचण्यांवर बेतलं होतं, त्यांतला फोम या तुकड्याच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा. तरी त्याने उष्णतेपासून वाचवणारी टाइल पूर्ण खोलीपर्यंत फाटेल असं दाखवलं. त्यावर उत्तर काय, तर मॉडेल नेहमी वाढवूनच सांगतं. असल्या युक्तिवादाला मी तरी सही देणार नाही.

अभियंत्यांनी कक्षेतल्या यानाचे फोटो लष्कराकडून मागवायचा प्रयत्न केला. मागणी रीतसर मार्गाने आली नाही म्हणून रद्द झाली. यान सुरक्षित आहे हे व्यवस्थापनाने दाखवायचं, की ते सुरक्षित नाही हे अभियंत्यांनी? तिथे ओझं अभियंत्यांवर होतं, आणि फोटोंशिवाय ते पेलणार कसं?

यान 1 फेब्रुवारीला तुटलं. मुदतीला पाच दिवस बाकी होते.

जुलैमध्ये सॅन अँटोनिओत नायट्रोजनच्या तोफेने तसाच तुकडा पंखाच्या कडेच्या आठव्या पॅनलवर मारला. जेमतेम सहा मिमी जाडीच्या त्या कार्बन-कार्बन भागाला सुमारे 40 सेमीचं भगदाड पडलं. त्यापूर्वी या पॅनलांची तपासणी मुख्यतः नजरेनेच चाले. आतलं ऑक्सिडेशन नजरेला दिसत नाही, हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं.

पुढे बायपॉड रॅम्प काढून तिथे हीटर बसवले, आणि कक्षेत पंखाची कड तपासायला लेसर लावलेला दांडा आला. जुलै 2005 मध्ये डिस्कव्हरी उडालं, तेव्हा टाकीच्या दुसऱ्या एका रॅम्पचा मोठा तुकडा सुटला. सुदैवाने यानाला लागला नाही. तो रॅम्पही हाताने फवारलेला.