हिरवी बशी

वाळवा तालुक्यातल्या उसाच्या एका प्लॉटवर मी हवेचे नमुने घ्यायला जायचे. अर्ध्या सऱ्यांत तात्यांनी नेहमीसारखा ओल्या मातीवर युरिया फेकला होता. उरलेल्या अर्ध्यांत माझ्या हट्टापायी पहारीनं भोकं पाडून, खत आत सोडून वर माती ओढली होती. दोन्हीकडे एकेक प्लॅस्टिकची पेटी उपडी घातली आणि तिच्याखाली बोरिक आम्लाची बशी ठेवली. बशीतल्या रंगद्रव्यामुळे आम्ल गुलाबी दिसतं, अमोनिया शोषला की हिरवं होतं. आधी एकदा बशी गोठ्याच्या कडेला ठेवून फसले होते. म्हशीच्या मुतानंच ती हिरवी झाली होती!

तिसऱ्या दिवशी सकाळी पेट्या उचलल्या. पुरलेल्या बाजूची बशी अजून गुलाबीच होती आणि फेकलेल्या बाजूची पार हिरवीगार. वास तर असा आला की डोळे चुरचुरले.

तात्या खूश. "हिरवं झालं म्हणजे चांगलंच की, मॅडम!"

"तात्या, हे तुमचंच खत आहे. उसाऐवजी बशीत आलंय."

45 किलोच्या गोणीत नत्र असतं पावणेएकवीस किलोच्या आसपास. काळी चुनखडीची जमीन, सामू (pH) 8 च्या वर, वरून ऊन आणि वारा. अशात वर पडलेल्या युरियातला अमोनिया दोन-चार दिवसांतच उडायला लागतो. हवेत गाड्यांच्या आणि चिमण्यांच्या धुरातून तयार झालेली आम्लं त्याला भेटतात, त्यांचे क्षारांचे बारीक कण होतात आणि ते थेट फुप्फुसात उतरतात. शहरातल्या धुरक्याला शेताचाही हातभार लागतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बशीत पाहिलं ते त्या दिवशी.

तात्यांना ते पटलं. पुढचा हप्ता सगळीकडे पहारीनंच द्यायचा, असं ठरलं. मीही जिंकल्यासारखी परतले.

दहाव्या दिवशी पाणी दिलं. त्यानंतर सिरिंजनं घेतलेल्या हवेचे आकडे लॅबमधून आले आणि माझा चेहरा उतरला. पुरलेल्या सऱ्यांत नायट्रस ऑक्साइड चढला होता. माती तुडुंब भिजली की आत प्राणवायू उरत नाही. मग जिवाणू खतापासून बनलेल्या नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि हा वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. पुरल्यामुळे नत्र जमिनीत राहिलं खरं, पण भरमसाट पाण्यानं त्याला दुसरी वाट करून दिली.

तात्यांना सांगायला गेले तेव्हा ते मोटारीच्या पेटीपाशी फ्यूज बघत होते.

"म्हणजे फेकलं तरी जातंय, पुरलं तरी जातंय?"

"पुरायचंच, तात्या. फक्त पाणी बेतानं द्या. सरी भरली की लगेच मोटार बंद करायची."

"लाईट रात्री साडेबाराला येती," ते फ्यूज बसवत म्हणाले. "तीन वाजता बंद करायला तुम्ही येताय काय?"

नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : पाणी, रात्रभर.