पुस्तक आवडलं, तरी प्रकाशक ‘नाही’ का म्हणतो?

‘संहिता आवडली असं संपादकांनी स्वतःच कळवलं, मग नकार कशासाठी?’ हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी विचारला, म्हणून हे उत्तर.

ज्यानं वाचलं तोच ठरवतो, अशी आपली समजूत असते. एकहाती चालणाऱ्या छोट्या प्रकाशनात तसं असेलही. मोठ्या संस्थेत मात्र वाचतो एक आणि ठरवतात चार-पाच जण: संपादक, विक्री सांभाळणारे, निर्मिती पाहणारे, हिशेब ठेवणारे आणि मालक किंवा संचालक. यातल्या बऱ्याच जणांनी तुमचं पहिलं प्रकरण जेमतेम चाळलेलं असतं. त्यांच्यासमोर संपादक दोन-चार मिनिटं बोलतो आणि एक हिशेबाचा कागद ठेवतो. न वाचलेल्या माणसांना तो पुस्तक पटवू शकला, तर ते स्वीकारलं जातं.

आधी तो कागद. छापील किंमत शंभर भाग धरा. वितरक आणि विक्रेत्याच्या कमिशनचे 45 आणि लेखकाच्या मानधनाचे 10 वजा केले, की विकलेल्या प्रतीमागे प्रकाशकाकडे 45 उरतात. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीमागे 20 लागतात असं समजू. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ हा एकदाच होणारा खर्च 15,000 भाग धरू. आवृत्ती हजाराची. किती प्रती खपल्यावर पैसे वसूल होतील? घाईत हिशेब करणारा 45 मधून 20 वजा करतो, उरलेल्या 25 नं 15,000 ला भागतो आणि 600 म्हणतो. हे चुकतं, कारण न खपलेल्या 400 प्रतींचा कागद आणि छपाईही आधीच देऊन झालेली असते. एकूण खर्च 35,000. त्याला 45 नं भागलं की 778. म्हणजे हजारातल्या 778 प्रती जाईपर्यंत तोटाच, आणि यात गोदामभाडं, पगार, दुकानांतून परत आलेल्या खराब प्रती धरलेल्याच नाहीत. आकडे प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात, पण हिशेबाची रीत हीच. मागणीनुसार छपाईत गोदाम वाचतं, पण प्रतीमागचा खर्च वाढतो.

याच कागदावर पृष्ठसंख्या असते. पुस्तकं बहुधा 16 पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचात, छापतात. 80,000 शब्दांची संहिता, पानाला 300 शब्द, म्हणजे 267 पानं. सुरुवातीची शीर्षकपानं-अनुक्रमणिका आठ धरली तर 275. सतरा फॉर्मची पानं होतात 272. तीन पानांसाठी अठरावा फॉर्म, निदान अर्धा तरी, जोडावा लागतो. नऊशे शब्द कमी केले की तो वाचतो. एवढ्यानं पुस्तक नाकारलं जात नाही, पण शब्दसंख्याच न कळवणाऱ्या लेखकाचा हिशेब मांडायचा कसा?

आता पटवण्याचा भाग. विक्रीची माणसं विचारतात, हे घेणार कोण? ‘सगळ्या वयोगटांसाठी’ या उत्तरानं संपादकाचे हात बांधले जातात. ‘घरातल्या आजारी म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा एकट्यानं करणाऱ्यांसाठी’ असं म्हटलं की पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवायचं, कुणापर्यंत न्यायचं, हे लगेच दिसतं. मग विचारलं जातं, असं दुसरं काय खपलंय? इथे लाखांनी खपलेल्या पुस्तकाचं नाव कामाचं नसतं, कारण ते यश कुणाला पुन्हा घडवता येत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतली, बऱ्यापैकी चाललेली दोन पुस्तकं सांगा आणि तुमचं त्यांच्याहून कुठे वेगळं आहे ते एका वाक्यात लिहा.

भाषेचं वजन लेखकांना वाटतं त्याहून फार जास्त असतं. मधली तीन प्रकरणं रेंगाळत असतील, शेवट घाईत गुंडाळला असेल, तर संपादक एका पत्रात ते सांगू शकतो आणि लेखक दुरुस्त करू शकतो. वाक्यच निर्जीव असेल तर ओळन् ओळ बदलावी लागते. त्यात महिने जातात आणि उरतं ते पुस्तक लेखकाचं राहत नाही. म्हणून पहिली दहा पानं इतक्या बारकाईनं वाचतात.

उसन्या कवितेच्या ओळी, छायाचित्रं, हयात माणसांवरचे आरोप: यांच्या परवानग्या आणि पुरावे नसतील तर हातात आलेलं पुस्तकही अडतं. अनुवादाचे किंवा ध्वनिपुस्तकाचे हक्क आधीच कुणाला दिले असतील, तर तेही सुरुवातीलाच सांगा.

संहितेसोबत पाठवा: दीडशे शब्दांची ओळख, शेवटासकट एक पानाचा सारांश, ललितेतर असेल तर प्रकरणांची यादी, शब्दसंख्या आणि वाचक कोण याची दोन वाक्यं. ओळख मनापासून घडवा, कारण संपादक बैठकीत तुमचीच वाक्यं उचलून बोलतो.

एवढं करूनही ‘आमच्या यादीत बसत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ते बऱ्याचदा शब्दशः खरं असतं: त्याच विषयावरचं पुस्तक त्यांनी नुकतंच घेतलेलं असतं किंवा त्या प्रकारचे वाचक त्यांच्याकडे नसतात. पुढची संहिता पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची गेल्या दोन वर्षांची सूची काढा आणि तुमचं पुस्तक त्यातल्या कोणत्या दोन पुस्तकांच्या मध्ये शोभेल ते पाहा. जागा सापडली तर पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तेच लिहा.