रात्री साडेअकराचा मेसेजसुद्धा कामाच्या ठिकाणीच येतो

'ऑफिस सुटल्यावर स्वतःच्या फोनवरून केलेला मेसेज, त्याच्याशी कंपनीचा काय संबंध?' लैंगिक छळाची तक्रार झाली की हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतंच. ते साफ चूक आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, 'कामाचं ठिकाण' या शब्दांचा अर्थ चार भिंतींपुरता ठेवत नाही. कामानिमित्त जाल ती जागा, मालकाने दिलेली गाडी, इतकंच काय राहतं घरसुद्धा त्यात येतं. 'ऑनलाइन' हा शब्द कायद्यात नाही, पण न्यायालयांनी ती उणीव भरून काढली आहे. राजस्थान उच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये एका बँकेतलं प्रकरण आलं होतं. दोघांच्या शाखा वेगळ्या, राज्यंही वेगळी, म्हणून कामाचं ठिकाण एक नाही, असा बचाव होता. डिजिटल जगात हे एकच कामाचं ठिकाण आहे, असं म्हणत न्यायालयाने तो मानला नाही.

मग छळ कशाला म्हणायचं? कायद्याचा कळीचा शब्द आहे 'नकोसं'. नकोसा स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं आणि याच प्रकारचं दुसरं कोणतंही वागणं, मग ते शब्दांतून असो वा शब्दांविना. इमोजी, स्टिकर, फोटोवरची कमेंट हे सगळं त्यात बसू शकतं. सगळ्या टीमला 'कॅमेरे चालू ठेवा' सांगणं हा छळ नव्हे. एकीलाच रोज मीटिंगनंतर थांबवून कॅमेरा चालू करायला लावणं आणि कपड्यांवर, मागे दिसणाऱ्या पलंगावर बोलणं, हा छळ आहे. 'मी गंमत केली' याने तो पुसला जात नाही.

आता पुराव्याकडे येऊ, कारण ऑनलाइन प्रकरणं बहुतेक इथेच ढिली पडतात. सगळे स्क्रीनशॉट काढतात, पण त्यात वर नाव दिसतं 'सर' आणि तारखेच्या जागी 'काल'. तो नंबर कोणाचा आणि 'काल' म्हणजे कधी, हे चार महिन्यांनी कोण सांगणार? म्हणून संपर्काचा तपशील उघडून नंबर दिसेल असा वेगळा शॉट घ्या. आक्षेपार्ह ओळीच्या आधीचे आणि नंतरचे मेसेजही घ्या, तुमची उत्तरंसुद्धा. कापलेल्या संवादावर पहिला हल्ला होतो. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा. आपोआप नाहीसे होणारे किंवा एकदाच उघडणारे मेसेज असतील, तर दुसऱ्या फोनने पडद्याचा व्हिडिओ काढा. मूळ चॅट पुसू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

कंपनीच्या चॅटची गोष्ट वेगळी. राजीनामा दिला की लॉगिन बंद होतं आणि जुन्या नोंदी ठरावीक काळाने पुसल्या जातात. त्यामुळे तक्रारीतच एक वाक्य टाका: 'अमुक ते अमुक तारखांचे चॅट आणि मीटिंग रेकॉर्डिंग जपून ठेवावेत.' अशा तक्रारींची चौकशी करण्यासाठी मालकाने नेमायच्या अंतर्गत समितीला कागदपत्रं मागवण्याचे आणि साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग नसेल, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावं आणि ऐकलेले नेमके शब्द लिहून स्वतःलाच मेल करा. मेलवर वेळ पडते, ती नंतर सहजासहजी बदलता येत नाही.

तक्रारही अशीच नेमकी हवी. 'ते मला सारखा त्रास देतात' यावर चौकशी करणं अवघड जातं. '१४ तारखेला रात्री ११:३७ वाजता "झोपलीस का, एक फोटो पाठव" असा मेसेज आला. मी उत्तर दिलं नाही. ११:४२ ला "अप्रेझल जवळ आलंय, लक्षात ठेव" असा दुसरा आला.' या ओळींवर चौकशी उभी राहते. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे, साक्षीदारांची नावं आणि पत्ते द्यायचे असतात. लिहिणं जमत नसेल तर मदत करणं समितीवर बंधनकारक आहे.

मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. प्रकार अनेकदा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण तिने ते कारण लेखी नोंदवायला हवं. 'आधी एचआरशी बोलून बघू' यात हे महिने निघून जातात. एचआरशी झालेलं बोलणं म्हणजे तक्रार नव्हे. अर्ज अंतर्गत समितीच्या नावानेच जायला हवा. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. घरकामगार महिलांचीही तक्रार तिथेच जाते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

पुढे सात कामाच्या दिवसांत प्रत समोरच्याला जाते, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, ९० दिवसांत चौकशी पूर्ण व्हायची. अहवाल दहा दिवसांत, त्यावर मालकाची कारवाई ६० दिवसांत. दरम्यान तुम्ही लेखी मागितलंत तर तीन महिन्यांपर्यंत रजा, बदली किंवा तुमचं मूल्यमापन दुसऱ्याकडे सोपवणं, अशी अंतरिम शिफारस समिती करू शकते. कामाच्या ग्रुपमधून तक्रारदारालाच 'तिच्या सोयीसाठी' काढून टाकलं जातं, ते मान्य करू नका. तिचं काम त्या ग्रुपवर चालतं, काढायचं तर त्याला काढा.

ऑनलाइन सुनावणीत समित्यांच्या हातून होणाऱ्या चुका मात्र टाळता येण्यासारख्या आहेत. कॅलेंडरच्या निमंत्रणात 'पॉश चौकशी' आणि दोघांची नावं लिहिली की ती सहकाऱ्यांच्या कॅलेंडरवरही दिसू शकतात. गुप्तता मोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड आहे, आणि गेलेली अब्रू त्याने परत येत नाही. दोघांना वेगळ्या वेळेची, वेगळी लिंक द्या. खोलीत दुसरं कोणी नाही, याची खात्री करून घ्या. अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत, आणि वकिलाला कोणाच्याही बाजूने उभं राहता येत नाही. समितीत बाहेरचा सदस्य नसेल किंवा निम्म्याहून कमी महिला असतील, तर नीट झालेली चौकशीही पुढे कोसळू शकते. समितीच न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो.

पोलिसांचा मार्ग समांतर आहे, एकामुळे दुसरा बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळासाठी आणि ७८ पाठलागासाठी आहे. इंटरनेटवरच्या हालचालींवर पाळत ठेवणंही त्या ७८ मध्ये येतं. अश्लील मजकूर पाठवला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमंही लागतात.

'सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच उलटेल' या भीतीने कितीतरी अर्ज लिहिलेच जात नाहीत. पॉश कायद्याचं कलम १४ नीट वाचा. आरोप सिद्ध करता न येणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असं त्यातच लिहिलं आहे. दुष्ट हेतू होता हे वेगळ्या चौकशीत सिद्ध झाल्याशिवाय तक्रारदारावर कारवाई सुचवता येत नाही.