लुथरन पाळक पूर्वजाचा माग: तरंगमबाडी सगळ्यात शेवटी

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला (जुनं नाव त्रांकेबार) आधी जाऊ नका. "मूळ गावी जा, तिथे सगळं मिळतं" असं जो तो सांगतो, आणि ते साफ चूक आहे. घरात "आमचे पूर्वज त्रांकेबारच्या मिशनचे पाळक होते" एवढीच आठवण असते. तेवढ्या जोरावर माणूस मयिलादुतुरैला उतरतो, बसने तासभर समुद्राच्या दिशेने जातो आणि १७१८ च्या न्यू जेरुसलेम चर्चसमोर उभा राहतो. चर्च आहे, आत जर्मन मिशनरी त्सीगेनबाल्गची कबर आहे. ज्या कागदांत पूर्वज सापडायचा, ते मात्र बहुतांशी युरोपात आहेत.

कारण सरळ आहे. तरंगमबाडी १६२० ते १८४५ डेन्मार्कच्या ताब्यात होती. ९ जुलै १७०६ ला त्सीगेनबाल्ग आणि त्याचा सोबती मिशनरी प्ल्युत्शाऊ इथे उतरले, तेव्हापासून मिशनवर हुकूम कोपनहेगनचा आणि माणसं बरीचशी जर्मनीतल्या हालेची. पत्रं, रोजनिशा, अहवाल या दोन शहरांकडे जात राहिले. हालेच्या फ्रांके संस्थेच्या अभिलेखागारात आज तो साठा आहे, आणि एकोणिसाव्या शतकात हे काम पुढे चालवणाऱ्या लाइपझिग मिशनचे कागदही तिथेच ठेवले आहेत. चेन्नईत एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात डॅनिश दप्तर आहे, पण ते सरकारी कारभाराचं. वंशावळीसाठी त्यावर आठवडा घालवू नका.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट तपासा: पूर्वज खरोखर पाळक होते का? पहिले भारतीय लुथरन पाळक आरोन यांना २८ डिसेंबर १७३३ ला दीक्षा मिळाली, दुसरे दियोगो यांना १७४१ मध्ये. अठराव्या शतकभरात दीक्षित तमिळ पाळक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. उपदेशक आणि मिशनशाळेचे मास्तर मात्र भरपूर, आणि घरोघरच्या आठवणीत तेही "पाळक" होऊन बसतात. जर्मन कागदांत पाळकाला 'लांडप्रेडिगर' आणि उपदेशकाला 'काटेखेट' म्हटलेलं असतं. पाळकांत नाव नसेल तर निराश न होता उपदेशकांत शोधा. उपदेशकांच्या रोजनिश्यांचे उतारे अहवालांत येतात आणि त्यांत घरचं तपशीलवार सापडतं.

हे अहवाल १७१० पासून हालेत छापले जात होते. ते ऑनलाइन वाचता येतात, आणि छपाईचं फ्राक्टूर (जुनं टोकदार जर्मन) वळण दोन-तीन दिवसांत डोळ्यांत बसतं. मात्र छापण्याआधी हालेत मजकुराची काटछाट होई: भांडणं, पैशांचे वाद, नको ती नावं गाळली जात. म्हणून छापील पानावर थांबू नका. त्यावरून साल आणि पत्र लिहिणाऱ्या मिशनरीचं नाव टिपा, संस्थेच्या ऑनलाइन सूचीत मूळ पत्राचा क्रमांक शोधा आणि तो कळवूनच हालेला जा. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर काही हाती लागणार नाही, कारण त्या काळी तमिळ ख्रिस्ती माणसाला आडनावच नव्हतं. बाप्तिस्म्याने नाव बदलायचं (आरोन आधी आरुमुगम होते), आणि एका गावात तीन आरोन निघू शकतात. बापाचं नाव, गाव आणि बाप्तिस्म्याचं साल या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नका.

आता खरा घाट. हस्तलिखितं कुरेंट या जुन्या जर्मन हाताच्या लिपीत आहेत आणि ती जर्मन येणाऱ्यालाही वाचता येत नाही. 'ई' आणि 'एन' ची अक्षरं जवळजवळ एकसारखी, 'यू' केवळ डोक्यावरच्या वाकड्या रेघेने ओळखायचा, शब्दाच्या मधला लांब 'एस' आणि 'एच' यांत हमखास गोंधळ. त्यातच तमिळ नावं जर्मन कानाने ऐकून लिहिलेली, एकाच पत्रात एका नावाची दोन वळणं. निघण्याआधी किमान दोन महिने रोज अर्धा तास सराव करा, आणि एकाच मिशनऱ्याच्या अक्षरावर करा. संगणकी वाचनावर विसंबू नका: साधा मजकूर बरा निघतो, पण आपल्याला हवी असलेली नावंच बिघडतात.

तारखा सगळ्यांत जास्त फसवतात. '७ब्रिस' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० डिसेंबर. शिवाय डॅनिश तरंगमबाडी १७०० पासून नव्या (ग्रेगोरियन) पंचांगावर होती, तर इंग्रजांचं कडलूर आणि मद्रास १७५२ पर्यंत जुन्यावर. एकाच प्रसंगाच्या दोन तारखांत अकरा दिवसांचा फरक दिसला तर ती दोन माणसं समजू नका.

तंजावरच्या घराण्यांना आणखी एक धक्का बसतो. तिथे हालेच्या परंपरेतले मिशनरी श्वार्ट्झ काम करत. १७९० मध्ये तिथले तमिळ पाळक सत्यनाथन यांना दीक्षा मिळाली ती लुथरन पद्धतीने. पण पैसा इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेचा होता, आणि एकोणिसाव्या शतकात त्या मंडळ्या अँग्लिकन झाल्या. आज त्या चर्च ऑफ साउथ इंडियाकडे (सीएसआय) आहेत. म्हणून तंजावरच्या पूर्वजाच्या नोंदींसाठी तिरुचिरापल्लीच्या तमिळ लुथरन चर्चचं दार ठोठावणं फुकट. सीएसआयच्या बिशप कार्यालयाला लेखी अर्ज करा. श्वार्ट्झ सरफोजी राजांचे पालक-शिक्षक होते, त्यामुळे मोडी वाचणाऱ्या मराठी माणसाने तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातली मराठी दरबाराची कागदपत्रंही चाळावीत. हा मार्ग इतर शोधणाऱ्यांना बंद आहे, आपल्याला खुला आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात.

एवढं झालं की मग तरंगमबाडी. किल्ला, समुद्र, सगळं छान आहे. काम फक्त दोन चर्चचं: १७०१ चं झायन डॅनिश लोकांचं, न्यू जेरुसलेम तमिळ मंडळीचं. तमिळ पाळक झायनमध्ये शोधू नका. "जुनी वही दाखवतो" म्हणून आधी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. वही असलीच तर चर्चच्या कार्यालयात असेल, आणि ती पाळकांच्या परवानगीने बघायची असते. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, तेव्हा वादळी पाऊस असतो. कबरींचे लेख सकाळी लवकर किंवा मावळतीला, ऊन तिरपं असताना टिपा. भर दुपारी झिजलेली अक्षरं दिसतच नाहीत. दगडावर खडू किंवा पीठ घासू नका, त्याने दगड खराब होतो.