पंख आधी, गळ नंतर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेलं नकली आमिष. ती बांधायला नव्याने शिकणारे हमखास विचारतात, ‘या कलेत ज्याची नीट कदर झाली नाही असं एक नाव सांगा.’ माझं उत्तर ठरलेलं: कॅरी स्टीव्हन्स. त्यावर लगेच उलट प्रश्न येतो, ‘ग्रे घोस्टवाल्या? त्या तर प्रसिद्ध आहेत!’

आहेत की. ग्रे घोस्ट ही त्यांची फ्लाय प्रसिद्ध आहे आणि बाईंचं नावही. १९७० साली अमेरिकेतल्या मेन राज्याने त्यांच्या नावाने एक दिवस जाहीर केला होता. कदर व्हायची राहिली ती त्यांच्या बांधणीची. रंग सगळ्यांनी उचलले, रचना मात्र फार थोड्यांनी पाहिली.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. मेनमधल्या रेंजली तलावांच्या परिसरात अप्पर डॅम नावाची जागा आहे. स्टीव्हन्सबाईंचे यजमान वॉलेस तिथे मासेमारांचे वाटाडे होते. शँग व्हीलर या कनेक्टिकटच्या गृहस्थांनी त्यांना फ्लाय बांधायची गोडी लावली. १ जुलै १९२४ रोजी स्वतः बांधलेल्या फ्लायवर बाईंनी ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोंहून थोडा जास्त वजनाचा ब्रूक ट्राउट मासा काढला. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि मागण्या सुरू झाल्या. ती फ्लाय ग्रे घोस्टच होती असं सर्रास सांगितलं जातं. ती त्याआधीची ‘शँग्ज गो-गेट-एम’ असावी हे मत मला जास्त पटतं. पुढे त्यांनी शंभरावर नमुने तयार केले आणि १९५३ साली व्यवसाय विकला. हे सगळं काम त्यांनी वाइस, म्हणजे गळ पकडून ठेवणारा शिकंजा, न वापरता केलं. गळ बोटांत धरायचा आणि बांधायचं.

त्या परिसरातल्या ट्राउट आणि सामनचं मोठं खाद्य म्हणजे स्मेल्ट, एक सडपातळ चंदेरी मासा. स्ट्रीमर जातीची लांब फ्लाय त्याचीच नक्कल करते. त्या काळी स्ट्रीमरचे पंख गळाच्या दांडीच्या वर, उभे बांधायची पद्धत होती. पिसं उभी राहिली की प्रवाहात एका बाजूला कलंडतात, लांब असतील तर गळाच्या वळणाला गुंडाळली जातात, आणि फ्लाय पोहायच्या ऐवजी गिरक्या घेते. स्टीव्हन्सबाईंनी पंख दांडीच्या वर न लावता दोन्ही बाजूंना, दांडीच्या वरच्या अर्ध्या भागाला लागून बसवले. बाजूने पाहिलं की वर राखाडी पाठ आणि खाली नारिंगी पोट दिसतं. तसं बसवायचं तर पंखातली पिसं दोऱ्याखाली हलता कामा नयेत. म्हणून त्यांनी प्रत्येक बाजूचा पंख आधीच डिंकाने जोडून एकसंध केला आणि मग गळाला बांधला. त्यांच्या टोप्या बनवण्याच्या कामाबद्दल नेहमी बोललं जातं. पिसं चिकटवून आकार बसवायची सवय तिथूनच आली असणार, असं मला वाटतं.

आता ग्रे घोस्टच घ्या. एका बाजूच्या पंखाला कोंबड्याच्या पाठीवरची दोन लांब राखाडी पिसं, त्यावर ‘खांदा’ म्हणून रुपेरी फेझंट पक्ष्याचं एक पीस, आणि खांद्यावर ‘गाल’ म्हणून रानकोंबड्याच्या मानेचं एक पीस. खांद्याने पंखाचा पुढचा एक तृतीयांश भाग झाकावा. पंख गळाच्या वळणापुढे पाव ते अर्धा इंच जावा, जास्त नको. डाव्या पंखाला पक्ष्याच्या डाव्या अंगाची पिसं, उजव्याला उजव्या अंगाची; पोकळ बाजू आत. बुडाशी असलेली कापसासारखी लव काढून टाका. मग फक्त पिसांच्या दांड्यांच्या बुडाला, पाच-सहा मिलिमीटरपुरतं, घट्ट वार्निश लावून तिन्ही थर चिकटवा आणि रात्रभर सुकू द्या. वार्निश पातळ असलं तर ते तंतूंमधून पुढे झिरपतं, पंख पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि पाण्यात उघडझाप करत नाही. बाटली नवी असेल तर झाकण काढून ठेवा, वार्निशची मधासारखी तार येऊ लागली की वापरा. सहा फ्लाय बांधायच्या असतील तर बारा पंख आदल्या दिवशी करून ठेवावेत. गळ दुसऱ्या दिवशी हातात घ्यायचा.

अंगासाठी लांब दांडीचा गळ हवा, आठ एक्स लांबीचा (एक्स हे दांडीच्या लांबीचं माप), चार किंवा सहा नंबरचा. शेपटीकडे चपट्या चंदेरी टिन्सेलचे, म्हणजे चकचकीत पट्टीचे, दोन-तीन वेढे, मग नारिंगी फ्लॉस, म्हणजे पीळ नसलेला रेशमी दोरा, त्यावर त्याच टिन्सेलचे सारख्या अंतराने सहा-सात वेढे. इथे नवशिके एका गोष्टीत फसतात. फ्लॉस कोरडा असताना झकास दिसतो, पण पाण्यात पारदर्शक होतो, आणि खाली काळा दोरा किंवा गळाचा गडद रंग असला की नारिंगीचा विटकरी होतो. म्हणून खालचा थर पांढऱ्या दोऱ्याचाच घ्या. हातही धुऊन घ्या. हळदीचं बोट लागलं तर निघत नाही.

दांडीच्या खाली क्रमाने तीन गोष्टी येतात. आधी मोरपिसाचे चार-पाच तंतू, पंखाएवढे लांब. मग हरणाच्या शेपटीच्या पांढऱ्या केसांची बारीक बट, गळाच्या काट्यापुढे जेमतेम जाईल एवढी. आगकाडीच्या निम्म्या जाडीची बट पुरे, कारण जाड बटेने डोकं फुगतं. मग सोनेरी फेझंटच्या तुऱ्याचं एक पीस, खांद्याएवढं, वर वळणारं. दांडीच्या वर त्याच तुऱ्याचं पंखाएवढं लांब पीस, खाली वळणारं. तुरे पाकिटात वेडेवाकडे होऊन येतात. ओले करून काचेच्या भांड्याच्या बाहेरून चिकटवले की सुकताना नीट वळतात.

शेवटी पंख. बांधण्याआधी वार्निशने जोडलेलं बूड चिमट्याने दाबून चपटं करा. गोल दांडा दोऱ्याखाली लोळतो, चपटा लोळत नाही. आपल्याकडचा पंख आधी दोन सैल वेढ्यांनी धरा, मग पलीकडचा, आणि दोन्ही जागेवर आहेत हे समोरून पाहून मगच दोरा ओढा. दोरा ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने पंखाला ओढत नेतो, त्यामुळे पलीकडचा पंख नेहमी खाली घसरतो. तो आधीच केसभर वर ठेवला की ओढल्यावर बरोबर बसतो. गळ बोटांत धरला की तो दोऱ्याबरोबर थोडा फिरवता येतो, हा वाइसशिवाय बांधण्याचा खरा फायदा.

हे बहुतेक पुस्तकांत का नसतं? फ्लायची माहिती साहित्याच्या यादीसारखी छापली जाते: अंग अमुक, पंख तमुक. कोणता भाग कधी आणि कुठे बसतो याला त्या यादीत जागाच नाही. शिवाय बाई बांधताना कुणाला जवळ बसू देत नसत, असं सांगतात. मग ज्याने त्याने यादी वाचली आणि पंख पुन्हा दांडीच्या वर उभे केले. बाजारातल्या बहुतेक ग्रे घोस्ट तशाच असतात.

आपला थेट संबंध येतो तो गालाशी. ते पीस राखी रानकोंबड्याचं, म्हणजे आंबोली, कोयना, भीमाशंकरच्या रानात पहाटे आरवणाऱ्या आपल्याच पक्ष्याचं. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेणासारखा पांढरा-पिवळसर ठिपका असतो, तोच फ्लायवर डोळा होतो. ब्रिटिश हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्येच बंदी आली. आज हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे रानात सापडलेलं पीसही उचलून आणू नका. काळ्या कोंबडीच्या मानेचं छोटं पीस घ्या, टोकाला टाचणीच्या डोक्याने घट्ट पांढऱ्या लॅकरचा लांबट थेंब द्या, सुकल्यावर त्यात किंचित पिवळा. ट्राउटला फरक पडत नाही, आणि हिमालयातल्या नद्यांत स्ट्रीमरवर येणाऱ्या महसीरलाही नाही. नाराज होतो तो फक्त संग्राहक. मोराची आपोआप गळलेली पिसं देशात वापरायला हरकत नाही, पण बाहेरच्या मित्राला पाठवू नका, निर्यातीला बंदी आहे.

डोकं लांबट आणि निमुळतं ठेवा. त्यासाठी सुरुवातीपासून गळाच्या नेढ्यामागे, म्हणजे दोर ओवायच्या भोकामागे, चार मिलिमीटर जागा रिकामी सोडावी लागते, नंतर ती कुठूनच मिळत नाही. काळ्या डोक्यावर मधोमध रंगीत दोऱ्याचा पट्टा ही स्टीव्हन्सबाईंची सही. ‘जनरल मॅकार्थर’ या युद्धकाळातल्या फ्लायचं तर सगळं डोकंच लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांचं. त्यांच्या हातच्या जुन्या फ्लाय आज संग्राहक चढ्या किमतीला घेतात, आणि नक्कल ओळखताना आधी डोकं व पट्टा तपासला जातो. तुम्ही बांधलेल्या फ्लायला पट्टा द्यायचाच असेल तर हिरवा द्या, निळा द्या, नारिंगी नको, ग्रे घोस्टवर ती बाईंची सही आहे.